टाकीतली आसरा

कोपरच्या खाडीवर त्या रविवारी एवढी माणसं जमली होती, की भेळवाल्याने आपली गाडी थेट चिखलात लोटून लोकांना जागा करून दिली. सगळ्यांचे डोळे पाण्यात उभ्या असलेल्या पिवळ्या वॉटर स्कूटरवर होते आणि तिच्यासमोर कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या महिपत महाराजांवर. महाराजांच्या भगव्या लुंगीत हवा भरली होती, त्यामुळे ते अंमळ तरंगत होते. भक्तांनी तेही चमत्कारात धरलं.

महाराजांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. त्यात मधूनच ‘कळवा, मुंब्रा, दिवा’ असं काहीतरी ऐकू येई. जाणकार मंडळी सांगत, की ते खाडीच्या राखणदारांना क्रमाने हाक मारताहेत. मग त्यांनी स्कूटरच्या नाकाडावरच्या पेट्रोलच्या झाकणाभोवती अंगारा पसरला आणि झाकण फिरवलं. आतून स्पष्ट आवाज आला, हुस्स.

“गेली,” महाराज म्हणाले.

झाकण लावून कान्हाने बटण दाबलं आणि मघाशी फेरीत बंद पडून ओढून आणलेलं इंजिन खडखडून जागं झालं. काठावर हात जोडले गेले. मागे उभी असलेली जनी मात्र अंगाऱ्याकडे बघत होती.

जनी ही कान्हाची बायको. माहेर ठाण्याच्या कोळीवाड्यातलं, शिक्षण नर्सिंगचं आणि नोकरी डोंबिवलीतल्या एका नर्सिंग होममध्ये. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिचे सासरे दामाजी हे जुने मासेमारी करणारे. पण खाडीत मासळी राहिली नाही, तेव्हा शहाण्णवच्या हिवाळ्यात त्यांनी धंदा गुंडाळलेल्या एका पार्टीकडून ही जुनी वॉटर स्कूटर घेतली. डोंबिवलीकरांना सुट्टीच्या दिवशी खाडीत फेरी मारून आणायची, हा बेत. पहिल्याच दिवशी कान्हाने हौसेने जनीलाही चालवायला शिकवलं. सासूने, गंगूबाईने, ते पाहून तोंडाला पदर लावला होता.

दुखणं त्यानंतर सुरू झालं. काठावर इंजिन झकास चाले. पण फेरीला नेलं, की मिठागराच्या मोडक्या बांधापाशी खोकायचं, दम सोडायचं आणि बंद पडायचं. गिऱ्हाइकासकट स्कूटर होडीने ओढून आणावी लागे. शीळफाट्याच्या तानाजी मेकॅनिकला बोलावलं. त्याने प्लग बदलला, पेट्रोलमध्ये पाणी आहे का पाहिलं, कार्बोरेटर खोलून फुंकून साफ केला आणि इंजिन काठावर चालवून दाखवलं. चाललंच. कान्हा बांधापाशी गेला, पुन्हा बंद. तानाजी हात पुसत म्हणाला, की मशिनीत काही दोष नाही, जागेतच असेल. एवढं वाक्य गावाला पुरलं. दुसऱ्या दिवशी खोपटहून महाराज हजर.

महाराजांचं निदान सोपं होतं. बांधापाशी आसरा, म्हणजे पाण्यातली बाई, राहते, तिला पेट्रोलच्या वासाचं व्यसन लागलंय. ती टाकीत शिरते आणि इंजिनाचा गळा दाबते. म्हणून प्रत्येक फेरीआधी महाराज झाकण उघडून तिला बाहेर काढणार आणि स्कूटरने बांधाच्या अलीकडूनच वळायचं. उपाय लागू पडला. काठावर मांडव आला, मांडवात महाराज आले, आणि गंगूबाईच्या हातची कोलंबी महाराजांना रोज लागू लागली.

पुढे एकदा पूजा होऊनही इंजिन बंद पडलं. तानाजीने कार्बोरेटर खोलला तर पेट्रोलची बारीक भोकं राखेने बुजलेली. तो काही बोलणार, इतक्यात महाराजांनी जनीकडे बोट केलं.

“ही पोर पहिल्या दिवशी गाडीवर बसली. आसरेला सवत दिसली. नारळी पुनवेपर्यंत हिला माहेरी ठेवा, नायतर ती कान्हालाच घेऊन जाईल.”

कान्हाच्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि जनीला तेच जास्त लागलं. गंगूबाईने मात्र वेळ न घालवता जनीची बॅग माळ्यावरून काढली. जनी तिला इतकंच म्हणाली, की माझी ड्यूटी लागलेली आहे, रविवारनंतर जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटचं सलाइन अडलं. काचेची बाटली अर्धी भरलेली, नळी मोकळी, सुई शिरेत बरोबर, तरी थेंब पडेना. जनीने बघितलं, तर नव्या नर्सने बाटलीच्या बुचात हवेची दुसरी सुई टोचलीच नव्हती. हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही, हे शिकाऊ नर्सलाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. जनीने सुई खुपसली. बाटलीत बुडबुडे उठले आणि थेंब सुरू झाले. जनी तिथेच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे झाकणाभोवतीचा अंगारा आला. झाकण उघडलं की तो बाहेर उडत नव्हता, आत खेचला जात होता. टाकीतून कोणी बाहेर पडत असेल, तर राख आत कशी जाईल?

घरी येऊन तिने कान्हाला स्कूटरवरून आपल्याला बांधापर्यंत न्यायला लावलं. तो घाबरत निघाला. स्कूटर नेमकी बांधापाशी बंद पडली. जनीने मंत्र नाही, राख नाही, नुसतं झाकण सैल केलं. हुस्स. परत घट्ट केलं, थोडं थांबून बटण दाबलं, आणि इंजिन चालू. कान्हा म्हणाला, की चल, आत्ताच सगळ्यांना सांगू. जनीने नकारार्थी मान हलवली. आपण सांगितलं तर लोक म्हणतील, हिची आणि आसरेची दोस्ती आहे. हे महाराजांच्याच तोंडून बाहेर यायला हवं.

रविवारी भरल्या काठावर जनी महाराजांच्या पाया पडली. म्हणाली, मी जाते माहेरी, पण जाण्याआधी महाराजांनी माझ्या मागे बसावं, बांधापर्यंत यावं आणि आसरेची समोरासमोर पूजा करून माझा दोष काढावा. लोकांना कल्पना फार आवडली. महाराजांना त्यात काही आवडण्यासारखं दिसेना, पण जयजयकार सुरू झाल्यावर माघार कशी घेणार? भगव्या कफनीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढलं. दामाजी, गंगूबाई आणि तानाजी होडीतून मागोमाग निघाले.

ओहोटी लागली होती. बांधापाशी स्कूटर खोकली आणि गप्प झाली. महाराजांनी मंत्र म्हटला, अंगारा उधळला आणि सवयीने हात झाकणाकडे नेला. पण झाकण जनीच्या पुढ्यात होतं आणि तिने त्यावर तळहात ठेवला होता. लाटेचं खारं पाणी टाकीत गेलं तर मशीन कायमचं जाईल, असं तिने नम्रपणे सांगितलं. आसरेला काय, ती तर बंद झाकणातूनही शिरते, तशीच बाहेरही येईल.

महाराज पुन्हा मंत्र म्हणू लागले. स्कूटर ओहोटीबरोबर मुंब्र्याच्या दिशेने सरकायला लागली. मंत्राचा आवाज वाढला, वेग वाढला, राखणदारांचा क्रम चुकला. एक लाट आडवी आली, स्कूटर डुलली आणि महाराजांनी दोन्ही हातांनी जनीच्या जॅकेटचा पट्टा धरला.

“पोरी, झाकण उघड.”

“आसरा गेली का, महाराज?”

“कसली आसरा? टाकीला हवा मिळत नाय गं. माझ्या मोपेडला पण असंच व्हायचं. उघड लवकर, मला पोहता येत नाय.”

पाण्यावरून आवाज स्वच्छ जातो. होडीतल्या प्रत्येकाने तो ऐकला. दामाजींनी वल्हं थांबवलं. जनीने झाकण सैल केलं, हुस्स झालं, आणि महाराजांना घेऊन स्कूटर काठाला आली.

काठावर तानाजीने टाकीची हवेची बारीक नळी काढली. तार घातली तर आत जाईना. नळी कापली, तेव्हा तिच्या टोकात वाळलेल्या चिखलाचं बूच निघालं आणि त्यात सुकून गेलेले हिरवे कोळी-किडे. कुंभारीण माशीने पिल्लांसाठी चिखलाचं घर बांधून त्यांच्या खाण्याला हे किडे कोंबले होते. स्कूटर कुठेतरी शेडमध्ये पडून असताना तिला ही आयती जागा मिळाली असणार.

जनीने जमलेल्या लोकांना सगळं समजावलं. इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा या नळीतून टाकीत यायला हवी. ती आली नाही, तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोहोचत नाही. एवढं व्हायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात स्कूटर बांधापाशी येते. बांध बिचारा मध्येच सापडला. झाकण उघडलं की हवा आत घुसते, तोच हुस्स. तानाजीने मान खाली घालून कबूल केलं, की काठावर थोडा वेळ चालवून बघण्यात त्याचीच चूक झाली. एका म्हाताऱ्याने तरीही विचारलं, की त्या माशीला कोणी पाठवलं असेल? लोक हसले आणि म्हाताराही हसला.

महाराज ओली लुंगी पिळत रिक्षा शोधायला गेले. कान्हा सगळ्यांसमोर पुढे आला आणि म्हणाला, “मी तवाच बोलायला पायजे होतं.” जनी म्हणाली, हो, पायजे होतं.

गंगूबाईने ते चिखलाचं बूच तळहातावर घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी तिने विचारलं, “मग माजे सुनेचा काय दोष?”

“काही नाही, आई,” जनी म्हणाली. “मशीन बंद पडलं तर पेट्रोल बघा, ठिणगी बघा, हवा बघा. नाही सापडलं तर पुन्हा बघा. कळत नाही तोवर ‘कळत नाही’ म्हणा, त्यात लाज नाही. पण कारण शोधायचा कंटाळा आला म्हणून घरातल्या बाईकडे बोट दाखवू नका.”

गंगूबाईने मान डोलावली आणि पदर खोचून पाण्यात शिरली. तानाजी नवी नळी बसवत होता. ती बसली का, घट्ट आहे का, हवा जाते का, हे तिने स्वतः फुंकून पाहिलं.