तांबूने खाल्लेला तारा

आवडीने घमेल्यातल्या कोमट पाण्यातून भाताच्या काड्या उचलल्या, पदराने टिपल्या आणि पाटावर एकीला लागून एक अशा मांडल्या. मग तांब्यात चुलीतले निखारे भरून तांब्याचं बूड काड्यांवरून दाबत नेलं. चर्र आवाज झाला, वाफ निघाली आणि गोल काड्या चपट्या होऊन लखलखायला लागल्या.

“काकी, अगदी सेम!” स्नेहलने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. “आता मधोमध दोरा बांधायचा. झाला तारा.”

स्नेहल शेजारच्या घरातली, पोलादपूरला कॉलेजात जाणारी. इथे डोंगरावर, कुडपणला व्हिडिओ धड चालत नाही, म्हणून तिने कॉलेजातूनच ते मोबाइलमध्ये भरून आणले होते. घरच्या घरी, कमी खर्चात, नाताळच्या भेटी. एक गोरी बाई हसत हसत काचेच्या बरण्यांना रिबिनी बांधत होती, आणि आवडी नाकावर चष्मा ढकलत ते पुन्हा पुन्हा बघत होती. बाईचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हात कळत होते.

“आणि ही दारावर काय टांगलीन तिनं? ही चुंबळ नाय काय?”

“चुंबळ नव्हे गो काकी. त्याला रीथ म्हणतात.”

“काय पण म्हणू दे. डोक्यावर हंडा ठेवायला आपण वळतो, तीच ही.”

ओट्यावर बसलेला मुरारी, आवडीचा नवरा, मान न वळवता म्हणाला, “दारावर चुंबळ! मग हंडा काय कौलावर ठेवायचा?”

स्नेहल खुदकन हसली. आवडीने मात्र त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिला घाई होती. मुलगा ऋत्विक आणि सून नाताळला येणार होते.

लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सून वसईची, जसिंता नावाची. वाडीत कुणाच्या जिभेला ते नाव वळेना, तेव्हा आवडीने पहिल्याच दिवशी तिची ‘जसू’ करून टाकली होती. मुंबईत रजिस्टर लग्न झालं, दोन्ही घरची माणसं एकत्र जेवली, तेव्हा जसूची आई आवडीच्या शेजारी बसली होती. बोलायला मोकळी, हसताना डोळे मिटणारी बाई. तिने आवडीचे हात हातात घेऊन, त्यावरचे घट्टे चाचपत म्हटलं होतं, “हे हात कामाचे आहेत हो. माझेसुद्धा असेच. नाताळात मी विकतचं काही देत नाही कुणाला. सगळं या हातांनी करते.”

यंदा गणपतीच्या सुमारास ती बाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार-पाच दिवसांत संपली. तेव्हापासून आवडीच्या मनात एकच घोळत होतं: पोरीला या वर्षी हाताने केलेलं कोण देणार?

ऋत्विकचा फोन आला तेव्हा ती सड्यावर, गावावरच्या कातळ-माळावर, गुरांमागे होती. “आई, नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं येतोय. जसिंताला तिकडं आणायचीच आहे, कारण…” आणि रेंज गेली. नेहमीसारखीच गेली. कारण काय ते विचारायची आवडीला गरजच वाटली नाही. सासरी पहिला नाताळ, दुसरं कारण कशाला हवं?

मग तिने घर उलटंपालटं केलं. जुन्या नऊवारीच्या काठाच्या पिशव्या शिवल्या आणि त्यात शिकेकाई, रिठे, वाळवलेला आवळा कुटून भरला. करवंट्या घासून गुळगुळीत केल्या, त्यांत मेण ओतून वाती सोडल्या. लोणच्याच्या रिकाम्या बरणीला लाल दोरा गुंडाळून तीत नाचणीचे लाडू भरले. ताऱ्यांचा तर सपाटाच लावला. चार दिवस हे बघितल्यावर मुरारी एका संध्याकाळी आपणहून पेंढ्याचा वेठ, जाड दोर, वळायला बसला. त्याच्या हाताला असा पीळ होता, की वेठ सापासारखा जिवंत दिसायचा. त्याची त्याने मोठी गोल चुंबळ केली, तीत कुर्डूचे तुरे खोचले आणि आवडीपुढे टाकली.

“घे. टांग दारावर.”

चोवीस तारखेला दुपारी जीप वर आली. आवडी भाकरतुकडा घेऊन पुढे गेली, ओवाळून टाकला. जसू वाकली, पाया पडली, हसली; पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. गालफडं बसली होती. आवडीने तिला जवळ घेतलं तर पाठीचे मणके हाताला लागले.

“बस गो बाय, ओट्यावर बस. पाणी आणते.”

सगळं आतल्या खोलीत मांडून ठेवलं होतं. दार लोटलेलं. पाणी पिऊन झालं की जसूला हाताला धरून न्यायची आणि दार उघडायचं, असं तिने मनात दहादा करून बघितलं होतं. पण ऋत्विक मागच्या दाराने हातपाय धुवायला आला आणि त्याने आधी ते दार उघडलं.

“आई.” त्याचा आवाज एकदम खाली आला. “हे काय?”

“नाताळ!” आवडी हरखून म्हणाली.

ऋत्विकने दार ओढून घेतलं. “आई, फोनवर सांगितलं होतं ना मी? अगं, ती नाताळ नको म्हणूनच इथं आलीय. तिथं घरोघर तारे लागलेत, गाणी चाललीत. तिला बघवत नाही. तिच्या पप्पांचे फोनसुद्धा घेत नाही गेले दोन दिवस. म्हणाली, जिथं नाताळ नाही अशा ठिकाणी ने मला.”

आवडीच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी पायावर सांडलं तरी तिला कळलं नाही. मग मात्र ती अशी काही हलली, की ऋत्विक बघतच राहिला. पाटीत तारे कोंबले, वर चुंबळ दाबली, करवंट्या, बरणी, पिशव्या, सगळं त्यावर, आणि मागच्या दाराशी मुरारी वैरण घेऊन उभा होता त्याच्या डोक्यावर पाटी दिली.

“गोठ्यात नेऊन ठेवा कुटंतरी. दिसता कामा नाय.”

“गोठ्यात? पेंढा हाय गो तो. गुरं खातील.”

“मग उंच ठेवा! गुरांचं तोंड पोचणार नाय असं ठेवा. आणि तोंडातून नाताळाचं नाव काढू नका.”

“मी कवा काढलं नाव?” मुरारी पुटपुटला आणि गेला.

स्नेहल घरोघर पळत निरोप सांगून आली. अडचण एवढीच होती, की आठवडाभर तिनेच वाडीला शिकवून ठेवलं होतं, सून आली की काय म्हणायचं ते. संध्याकाळी म्हातारा चांगू काठी टेकत सून बघायला आला, जसूसमोर उभा राहिला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, “ह्यापी…”

आवडी खोकली.

“ह्यापी… हाय ना सगळं?” चांगूने शेवट केला आणि गोंधळून खाली बसला.

जसूने त्याच्याकडे बघितलं. “हो आजोबा,” ती म्हणाली. “आहे.”

रात्री कुळथाची पिठी आणि भाकरी झाली. जसू जेवली, भांडी घासू लागते म्हणाली, आवडीने घासू दिली नाहीत. अंथरूण घालताना आवडीला वाटलं, काहीतरी बोलावं. तुझ्या आईचे हात आठवतात गो मला, असं म्हणावं. पण ते म्हटलं, की सगळंच म्हणावं लागणार. तिने नुसती गोधडी सुनेच्या पायांखाली खोचली आणि उठली.

सकाळी तिला जाग आली तेव्हा सड्यावर धुकं उतरलं होतं आणि कोंबडे ओरडून थकले होते. जसूचं अंथरूण रिकामं होतं. गोधडीची नीट घडी केलेली. आवडी ओट्यावर आली. न्हाणीत कुणी नव्हतं. अंगणापलीकडे गोठ्याचं दार उघडं दिसलं.

ती अनवाणीच धावली.

गोठ्याच्या दारात पोचली आणि थांबली. मुरारीने आपलं काम चोख केलं होतं. गुरांचं तोंड पोचू नये म्हणून त्याने एकेक तारा आढ्याच्या वाशाला सुतळीने टांगला होता. गोठाभर, वरून खाली, कमीजास्त उंचीवर ते लोंबत होते. कारवीच्या कुडाच्या भिंतीतल्या फटींतून उन्हाच्या सळया आत आल्या होत्या आणि वाऱ्याने एखादा तारा गिरकी घेऊन त्या उन्हात आला, की पेटल्यासारखा दिसायचा. चुंबळ मधल्या खांबाला अडकवलेली होती. खाली तांबू गाय रवंथ करत उभी, तिच्या नाकातून वाफ निघत होती, आणि वासरू तिच्या पायांत घोटाळत होतं.

तांबूच्या शेजारी मुरारी चरवी गुडघ्यांत धरून बसला होता. दूध काढायचं सोडून तो सुनेकडे बघत होता. आणि जसू गोठ्याच्या मधोमध, दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

“मी कायबी बोललो नाय,” मुरारी घाईने आवडीला म्हणाला. “मी दूध काढत होतो. ही आली.”

“जसू,” आवडी पुढे झाली. “बाय माझी. आम्हांला ठाव नव्हतं गो. आत्ता काढते सगळं. अवो, काढा ते…”

जसूने हात खाली घेतले. तिचे गाल भिजले होते, पण ती हसत होती. डोळे मिटून, आईसारखी.

“नका काढू,” ती म्हणाली. “आई, हा गोठा तुम्ही मुद्दाम केलात?”

“मुद्दाम कशाला? गोठा आमचा पहिल्यापासून हाय.”

जसूला पुन्हा हसू फुटलं. तिने शालीच्या टोकाने नाक पुसलं. “आमच्याकडे नाताळला घरोघर गोठा करतात. दारात, अंगणात. पुठ्ठ्याचा, गवताचा. मातीच्या गायी ठेवतात. वर तारा लावतात. माझी आई महिनाभर त्याच्याच मागे असायची. येशू गोठ्यात जन्मला ना.”

मुरारीने चरवी खाली ठेवली. हे त्याला नवीन होतं.

“गोठ्यात? बाळंतीण गोठ्यात?”

“हो बाबा. परगावची माणसं होती. कुणी घरात जागा दिली नाही.”

“थंडीत?”

“थंडीत.”

मुरारी बराच वेळ तांबूच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. वाडीत वाटसरू आला आणि बाहेर राहिला, असं त्याने कधी बघितलं नव्हतं. पण गोठ्यात रात्री त्याने खूप काढल्या होत्या, गायी व्यायच्या वेळी.

“गुरांची ऊब असते म्हणा,” तो शेवटी म्हणाला. “बाळाला लागली असंल.”

जसू त्याच्याकडे बघत राहिली. मग ती खाली पाटीशी बसली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. करवंटीतलं मेण नखाने टोकरून बघितलं. काठाच्या पिशवीचा वास घेतला आणि ती गालाला लावून धरली. बरणीचा लाल दोरा सोडवायला आवडीला हात पुढे करावासा वाटला, पण जसूने तो घाई न करता, गाठ न तोडता, स्वतःच सोडवला. एक लाडू फोडून अर्धा तिने सासूच्या तोंडात घातला, अर्धा सासऱ्याच्या हातावर ठेवला.

“एक तारा कमी हाय त्यात,” मुरारी लाडू चघळत, जरा ओशाळून म्हणाला. “तांबूनं खाल्लान. माझी सुतळी ढिली पडली.”

या वेळी जसू इतकी मोठ्याने हसली, की वासरू दचकून आईच्या पलीकडे पळालं आणि घरातून ऋत्विक डोळे चोळत बाहेर आला. दारातच तो थबकला. बायकोकडे बघितलं, वर बघितलं, मग आईकडे. आवडीने नुसते खांदे उडवले.

“इथं रेंज कुठे येते?” जसूने त्याला विचारलं.

“सड्यावर. का?”

जसू शाल सावरत बाहेर पडली. ऋत्विक, आवडी, मुरारी, सगळे तिच्या मागोमाग दवातून चालत सड्याच्या कातळापर्यंत गेले. धुकं खाली दरीत सरकलं होतं. जसूने फोन लावला. तो एकदाच वाजला असेल.

“पप्पा,” ती म्हणाली आणि कातळावर टेकली. “पप्पा, गोठा नाही ना केलात या वर्षी?… नाही, मला माहीत होतं… नका करू. ऐका ना. इकडे आहे. खरा आहे, पप्पा. गाय आहे, वासरू आहे, शेणसुद्धा आहे.”

पलीकडून काहीतरी आलं. हसणं असेल, रडणं असेल, आवडीला एवढ्या लांबून कळलं नाही. जसू कान देऊन ऐकत होती आणि मान हलवत होती. मग तिने फोन कानापासून काढला आणि मुरारीकडे वळली.

“बाबा, पप्पा विचारतायत, गाय दूध किती देते.”

मुरारीने धोतराला हात पुसले. फोन दोन्ही हातांत धरला. वसई इथून किती लांब आहे ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने पोटातून जोर लावला.

“व्याही,” तो दरीकडे तोंड करून ओरडला, “असं फोनवर काय विचारता? या, नि पिऊन बघा!”