प्रसाद घेण्यापूर्वी हे वाचा

मी बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं भाषांतरित करतो. ती कोणीही वाचत नाही, त्यामुळे झोप चांगली लागते.

पिनरच्या श्यामलाकाकूंनी सत्यनारायणाची पोथी इंग्रजीत करून मागितली, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. काकूंची अडचण खरी होती. त्यांची विहीण मार्गारेट गेल्या वर्षी पूजेला आली आणि डाएटवर आहे म्हणून प्रसाद न घेताच गेली. पोथीत असं केलं की जावई नावेसकट बुडतो. आणि काकूंच्या जावयाने नुकतीच होडी विकत घेतली होती.

"यतीन, या वर्षी तिनं शिरा खाल्लाच पाहिजे. पण तिला घाबरवायचं नाही. आणि पोथीतलं काही गाळायचं नाही."

"काकू, हे सगळं एकदम कसं जमेल?"

"तू प्रोफेशनल आहेस ना रे?"

मग मी मला येतं तसंच केलं. ‘प्रसाद न घेतल्यास क्वचित प्रसंगी नाव बुडू शकते. बरे वाटू लागले तरी प्रसाद अर्धवट सोडू नये. शंका असल्यास गुरुजींना विचारा.’

पूजेच्या दिवशी मार्गारेटने चष्मा लावून पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. इतक्या भक्तिभावाने आमच्यापैकी कोणी पोथी ऐकलेली मला आठवत नाही.

"गेल्या वर्षीचा माझा राहिला," ती गुरुजींना काळजीने म्हणाली. "आता दोन घेऊ का?"

सतीश गुरुजींनी पोथी चाळली. त्यात उत्तर नव्हतं. मग त्यांनी पत्रक उघडलं.

"नाही. राहिलेला भरून काढण्यासाठी दुप्पट घेऊ नये."

मार्गारेटने वाटीभर शिरा संपवला, चमचाही चाटला. काकूंनी डोळे पुसले आणि जावयाला मिठी मारली. तो बिचारा गोंधळला.

एवढ्यात माझं लक्ष फ्रिजकडे गेलं. शिऱ्याचं पातेलं फ्रिजच्या वर ठेवलेलं होतं आणि खाली नऊ मुलं माना वर करून उभी होती. मी पत्रकाची शेवटची ओळ पाहिली. आमच्या कंपनीच्या साच्यातली, काढायची राहून गेलेली. ‘लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा.’

"काकू, ही ओळ चुकून राहिलीय. खोडतो आणि मुलांना देतो."

काकूंनी पत्रक माझ्या हातातून काढून चौरंगावर परत ठेवलं. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

"लिहिणारा तू कोण?" त्या म्हणाल्या.

मुलांसाठी मी पिझ्झा मागवला.