इशबेलची शेवटची माशी

मी एक जुनी माशी आहे. पण मित्रांनो, मला हाकलायला हात उचलू नका. मला उडता येत नाही. मी मासे फसवायला माशीसारखा सजवलेला गळ आहे. त्यावर काळ्या कुत्र्याचे केस, एक नारिंगी पीस आणि चांदीच्या दोऱ्याचे चार वेढे. सॅमन माशाने चिडून तोंड मारावं, एवढंच माझं काम.

स्पे नदीकाठच्या इशबेलने तीन हिवाळ्यांपूर्वी मला बांधलं. पुढे तिची नजर मंदावली आणि बांधणं थांबलं. मी शेवटची. दगडात अडकून हरवेन या भीतीने तिचा नवरा रॅनल्ड मला पाण्यात सोडेचना. बाकीच्या माश्या जात, भिजून येत. मी डबीत तळमळत राही. बाहेर नदी वाहे, आत मी सुके.

यंदा मासेमारीच्या हंगामाच्या शेवटच्या सकाळी इशबेल म्हणाली, “आज तिला काढ. नजर चालत होती तेव्हा शेवटचं काय जमलं, ते मला कळू दे. पुढच्या वर्षी दिसेल न दिसेल.”

रॅनल्ड कमरेइतक्या पाण्यात उतरला. मला पलीकडे फेकायचं, प्रवाहाने वळवून आणायचं, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा फेकायचं. दुपारपर्यंत तीन डोह झाले. मी वळत होते, थरथरत होते, कुणी येत नव्हतं.

समोरच्या काठावरून शेजारी फर्कर ओरडला, “काय म्हातारबा, पाण्यात मूळ धरलंस का? माझी पितळी माशी घे. सकाळपासून दोन लागले.”

“तुझे दोन तुलाच लखलाभ,” रॅनल्ड म्हणाला.

ऊन उतरलं. आणि अचानक एक जड, थंड तोंड माझ्यावर मिटलं.

चाळीस वर्षं रॅनल्ड मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांना शिकवत आला होता : मासा वळू दे, दोरी ताणली जाऊ दे, मगच गळाची काठी उचल. त्याच रॅनल्डने झटक्यात काठी उचलली. मी त्या तोंडातून निसटून हवेत आले. फर्करने पाहिलं. त्याने मान वळवून आपली दोरी गुंडाळायला घेतली. टोमणा परवडला असता.

रॅनल्डने मला ओलीच डबीत कोंबलं.

“काय झालं?” इशबेलने दारातच विचारलं.

“पाणी फार गार होतं,” तो म्हणाला. मग बूट काढता काढता थांबला. “आला होता. मीच घाई केली.”

“तू? आल्यागेल्या पाहुण्याला दम धरायला शिकवलंस तू?” ती हसली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे माशाने माझी माशी घेतली होती?”

“चांगली घट्ट.”

तिने डबी मागितली, मला बोटांनी चाचपलं. “ओलीच ठेवलीस की रे. गंजेल ना.” कमरेला खोचलेल्या फडक्याने तिने माझा एकेक केस टिपला. “फेब्रुवारीत नदी मासेमारीला उघडली की ने परत. आणि काठी उचलण्याआधी मनात माझं नाव घे. सासरचं, माहेरचं, सगळं पुरतं. तेवढ्या वेळात मासा वळेल.”

मित्रांनो, रिकाम्या हाताने परतलात तरी सोबत राबलेल्यांना ओलं तसंच डबीत कोंडू नका. आधी त्यांना पुसा, वाळवा. माझा गळ अजून कोरा आहे, आणि माझा जीव अजून पाण्यात आहे.