मॉरिसव्हिलमधली मोरी

टब फोडायला गुरुनाथ आला होता, पण पहिला घाव मी घातला. घर माझं, पडले मी, मग पहिला मान दुसऱ्याला का द्यायचा?

"काकू, जपून! मनगट!" तो ओरडला.

"मनगटाचं मी बघते. तू टबचं बघ."

त्या टबवर माझा राग होता आणि तो काही उगाच नव्हता. मी शुभा पेंडसे, वय वर्षं त्र्याहत्तर. ब्याऐंशी साली अमेरिकेत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अपार्टमेंटच्या बाथरूममध्ये जमिनीवर ऐसपैस बसून बादलीभर पाणी अंगावर घेतलं. इथल्या बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला वाटच नसते, हे मला कोण सांगणार? सगळं पाणी छतातून खालच्या बाईंच्या सोफ्यावर. नवऱ्याने चार दिवस तोंड लपवलं. तेव्हापासून चाळीस वर्षं मी बादली टबमध्ये नेत आले. शॉवरखाली मला आंघोळ झाल्यासारखीच वाटत नाही, त्याला काय करणार? टबचा तो गुडघाभर उंच काठ ओलांडून आत, आंघोळ झाली की ओलांडून बाहेर. या फेब्रुवारीत पाय काठाला अडकला. मनगट मोडलं, कंबरेला मार बसला आणि टबमध्ये तीन तास पडून राहिले. शेवटी शेजारची रेणू तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून आली.

मग अ‍ॅशबर्नहून पाच तास ड्राइव्ह करून माझा मुलगा निमिष आला आणि येतानाच निर्णय घेऊन आला. त्याच्या घराजवळ एक सीनियर लिव्हिंग, म्हणजे इथला वृद्धाश्रम, आहे, तिथे त्याने माझं नाव घातलं होतं. मेअखेर रूम रिकामी होणार होती.

"आई, तिथे सगळं आहे. आठवड्यातून तीनदा एड, म्हणजे मदतनीस बाई येते, आंघोळ घालते."

"आंघोळ घालते?" माझं डोकंच सणकलं. "आंघोळ लहान मुलांना घालतात, नाहीतर मेलेल्यांना. मी अजून दोन्हीच्या मधे आहे."

"आई, प्लीज, ड्रामा नको."

ड्रामा म्हणे! मॉरिसव्हिलचं हे घर आम्ही दोघांनी उभं केलं. नवरा गेल्यावर चार वर्षं मी एकटीने चालवलं. आणि आता कोणीतरी अनोळखी बाई मला उघडी करून, स्पंजने पुसून, शाबास म्हणणार. मी निमिषशी सरळ करार केला. मेअखेरपर्यंत मी माझ्या घरात एकटीने सुखरूप आंघोळ करून दाखवली, तर त्याने माझं नाव काढून घ्यायचं. नाही जमलं, तर मी मुकाट्याने बॅग भरीन. तो लगेच हो म्हणाला. इथला कुठलाही कॉन्ट्रॅक्टर वेळेत काम संपवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गुरुनाथ मूळचा बेळगावचा. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता. ले-ऑफ झाल्यावर लायसन्स काढून लोकांची बाथरूम्स करायला लागला. मला वाटलं, चला, मोरी म्हणजे काय हे निदान याला शिकवायला नको. कसचं काय! लॅपटॉप उघडून तो काचेची दारं आणि छतातून पाऊस पाडणारे शॉवर दाखवायला लागला.

"मला पाऊस नको, बादली हवी," मी म्हटलं. "बादलीच्या काठापासून चार बोटं वर एक नळ. बसायला पक्का स्टूल, उठायला भिंतीला दांडी. सगळ्या जमिनीला उतार. आणि कुठेही काठ नको, उंबरठा नको."

"काकू, टब काढलात तर रीसेलला प्रॉब्लेम येतो. बायर्सना टब लागतो."

"घर विकणार मी गेल्यावर ना? मग ती निमिषची डोकेदुखी. तोवर आंघोळ मला करायचीय."

तो हसला, लॅपटॉप मिटला. "याला इकडे वेट रूम म्हणतात काकू, ओली खोली. एकदम फॅन्सी समजतात."

"समजू देत."

तरी नळाची खूण त्याने स्वतःच्या सवयीने कंबरेच्या उंचीवर केलीच. मी त्याला त्या उघड्याबोडक्या खोलीत स्टूलवर बसवलं. सहा फुटी माणूस, गुडघे पार हनुवटीला लागले. "आता उजवा हात मोडलाय असं समज आणि डाव्या हाताने नळ गाठ." त्याने हात लांब केला, स्टूल कलंडला, तो भिंतीला धरून सावरला. त्याने खूण पुसली आणि खाली केली.

फरशी बसवायच्या आधी इथे एक तपासणी असते. जमिनीवर वॉटरप्रूफ थर देऊन ड्रेनला बूच मारायचं, दाराशी तात्पुरता बांध घालायचा आणि दोन इंच पाणी एक दिवस साचवून ठेवायचं. गुरुनाथने पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि घरी गेला. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पातळ्याच वाचल्या आहेत. खुर्ची ओढून दाराशी बसले. संध्याकाळी निमिषचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, तू पाण्याकडे बघत बसलीयस?"

"हो."

"मग?"

"हललं नाही अजून. तुझा वेळ वाया घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवरच होतं. इन्स्पेक्टर घराखालच्या बुटक्या पोकळीत टॉर्च घेऊन सरपटत गेला, कोरडाच बाहेर आला आणि कागदावर सही केली. मी त्याला चहा पाजला. नको नको म्हणत दोन कप प्यायला.

मेच्या शेवटच्या शनिवारी निमिष आला. नव्या बाथरूमला एक चक्कर मारली, दांडीला लोंबकळून बघितलं. "दार लॉक करू नकोस," म्हणाला.

"करणार. बाहेरून नाण्याने उघडतं ते. पण उघडलंस तर याद राख."

मी आत गेले. बादली भरली, स्टूलवर बसले, पहिला तांब्या डाव्या खांद्यावर घेतला. अहाहा!

"आई, ओके?"

"ओके."

दुसरा तांब्या. "आई?"

"अरे, अंग तरी भिजू दे!"

तेवढ्यात साबण हातातून सटकला आणि धप्पकन आवाज झाला. दारावर थापांवर थापा. "काय पडलं? आई! काय पडलं?"

"साबण पडला. मी नाही!"

पूर्वी मी वाकले असते. या वेळी नाही वाकले, उरलेली आंघोळ बिनसाबणाची केली. मग दांडी धरून उठायला गेले, तर मनगट लटपटलं आणि मी परत स्टूलवर बसले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? बाहेर तो, आत मी, आणि मधे ती अ‍ॅशबर्नची रूम. श्वास घेतला, डावा हात दांडीवर, पाय नीट रोवले आणि उठले. अंग पुसलं, गाऊन घातला, दार उघडलं.

निमिष भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, डोळे लालभडक.

"तू पडलीस त्या दिवशी मी तुला दोनदा फोन केला होता," तो म्हणाला. "तू उचलला नाहीस. आदल्या दिवशी आपलं भांडण झालं होतं. मला वाटलं, रुसलीयस. म्हटलं, रुसू दे. आणि मीटिंगला गेलो. तीन तास, आई."

तीन महिने हे पोटात ठेवून पोरगं माझ्याशी रूम आणि एड बोलत होतं. मला खाली बसता येत नाही, म्हणून मी उभ्यानेच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला ऐकू येत होता फोन," मी म्हटलं. "तूच असणार हे माहीत होतं. त्याच्यावरच तर तग धरला."

तो हुंदके देऊन रडला. मी रडू दिलं.

"निमिष, तुझी भीती मला कळली. पण तुझ्या भीतीपायी मी दुसऱ्याच्या हातची आंघोळ घेणार नाही. रोज आंघोळ झाली की तुला फोन करीन. सकाळी आठपर्यंत फोन आला नाही, तर रेणूला पाठव."

त्याने डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि त्या सीनियर लिव्हिंगला लावला. "हाय, माय मदर..." एवढंच तो बोलला. मी फोन काढून घेतला.

"धिस इज शुभा पेंडसे. आय अ‍ॅम नॉट कमिंग."

पलीकडची मुलगी फार गोड होती. फॉर्ममध्ये भरायचंय, काही कारण सांगता येईल का, म्हणाली.

"येस," मी म्हटलं. "आय टेक माय ओन बाथ."