पदर सोडून माप

नुसत्या मापावरून पाल नर आहे की मादी हे ओळखता येतं, असं मला सोमवारी मल्लिनाथ सरांना दाखवायचं होतं. नाही जमलं तर एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय बदलायचा, असं त्यांनी बजावलं होतं. आणि मला तर पालीच हव्या होत्या. सगळा वर्ग किंचाळतो म्हणून जास्तच.

कंधारच्या आमच्या दोन खोल्यांत आणि शेजारपाजारी पकडून मी चाळीस पाली मोजल्या. नराच्या मांडीखाली बारीक ठिपक्यांची रांग असते. ती भिंगातून पाहून खरं उत्तर आधीच लिहिलं होतं. नराचं डोकं रुंद, म्हणून डोक्याच्या रुंदीला पूर्ण लांबीने भागायचं. पण उत्तर सारखं चुकत होतं. रविवारी दुपारी शेवटची पाल पारदर्शक पिशवीत घालून मोजली आणि मी वही आपटली.

माझी माय, सरजाबाई, ब्लाऊज शिवते. पालीला इतकी भिते, की स्टुलावर दोन्ही पाय वर घेऊन बसली होती.

"शेपटी कशाला मोजून राहिलीस गं?" ती तिथूनच ओरडली.

"मग लांबी कशी काढू?"

"बाईचं माप घेताना पदर धरत्यात का? पदर लांब-तोकडा होतो, अंग हाय तेवढंच ऱ्हातं. पिशवीतल्या त्या बयेची तर अर्धी तुटलीय!"

मी पिशवीकडे पाहिलं. खरंच की! शेपूट तुटलेल्या माद्या आखूड भरत होत्या आणि माझ्या वहीत नर होऊन बसल्या होत्या. इतकं शिकून हे मला सुचू नये! लाजही वाटली आणि हसूही आवरेना. नशीब, शेपटीचं माप वेगळ्या रकान्यात होतं. संध्याकाळपर्यंत सगळं वजा केलं. चाळीसपैकी सदतीस बरोबर!

सोमवारी सरांनी एक बांडी, शेपूट तुटलेली पाल पुढे ठेवली. मी मोजली, भागाकार केला आणि म्हणाले, "मादी." सरांनी भिंग लावलं. ठिपके नव्हते.

"शेपूट का सोडलंस?"

"पदर मोजत नाहीत, सर."

सर खो खो हसले. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "मग आईचं नाव लिही प्रकल्पात."

घरी मायनं प्रकल्पातल्या त्या ओळीखालून बोट फिरवत वाचलं: सरजाबाई, शिवणकाम, कंधार. तिचे डोळे भरून आले. मला तर नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात नागुबाई ब्लाऊज टाकायला आली.

"माझं नाव हाय कॉलेजच्या पुस्तकात," माय टेप उलगडत म्हणाली.

"अगं बया! कशात?"

"मापात," माय म्हणाली, आणि पालींचं नावही न काढता माप घ्यायला नागुबाईचा पदर बाजूला केला.