भिवराबाईचा साडेसहाचा रेडिओ

रेडिओ बंद पडला की माणसं आधी त्याला थापडा मारतात आणि मग माझ्याकडे आणतात. यावरून भांडून मी निम्मी गिऱ्हाइकं घालवली आहेत. पण त्र्याहत्तरच्या दुष्काळात धर्मराज माझ्या वडवणीच्या दुकानात आला, तेव्हा मला भांडता आलं नाही. तो शेजारच्या गावच्या सोसायटीत शिपाई. त्याची बायको भिवराबाई दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायची. फोडता फोडता ती गाण्याची ओळ सांगायची आणि बाकीच्या बाया ती झेलून तिच्यामागून म्हणायच्या. रेडिओवाल्यांनी कामावर येऊन ते टेप करून नेलं होतं. आज साडेसहाला ते लागणार होतं आणि घरचा रेडिओ मुका झाला होता.

"गावात आणखी दोन रेडिओ हायेत की," मी म्हणालो.

"हायेत. पर ती म्हणती, माझं गाणं मी दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं ऱ्हाऊन ऐकणार न्हाई."

बाईचं खरं होतं. बौद्धवाड्यातल्या माणसाला त्या ओट्यांवर कोण बसवून घेत होतं? मी हत्यारांची पिशवी घेऊन सायकल काढली.

चार वाजता त्याच्या घरी रेडिओची मागची पाठ उघडली. वॉल्व्ह पेटत होते, कर्णा गुरगुरत होता. काटा इकडून तिकडे फिरत होता, पण स्टेशन एकही लागेना. मी एरियलची तार बदलली. एक वॉल्व्ह बदलला. काही नाही. भिवराबाई दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी तोंड पाडायचंही टाळत होतो. सव्वापाच झाले.

तेवढ्यात भिंतीवरून मुंग्यांची रांग येताना दिसली. ती थेट रेडिओत शिरत होती. मी बॅटरी मारली. स्टेशन पकडणाऱ्या पातळ पत्र्यांच्या जुडीत तपकिरी चिकटा बसला होता. बोट लावून चाखलं, तर गोड.

"हितं गूळ कुणी ठेवला?"

मग धर्मराजची आई चतुराबाई पदराखालून एक पुरचुंडी काढून म्हणाली, "गूळ न्हाई रं बाबा. कामावर खायला देत्यात ती सुकडी हाय. नातीसाठी ठिवलती. घरात उंदीर लई. पाठ लागणारी पेटी म्हंजी हीच एक, अन् आत ऊबबी ऱ्हाती. तू आला म्हून काढून घेतली."

"आधी कावून न्हाई सांगितलं, माय?"

"तू लई वरडतू म्हनं."

उबेनं सुकडीतला गूळ पाघळून पत्र्यांत उतरला होता. दुष्काळात रेडिओ गूळ खाऊन बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला हसू फुटलं, मग म्हातारीलाही.

पण गूळ माझ्या स्पिरिटला दाद देईना. त्याला पाणीच हवं, तेही कोमट. त्या घरात दोन घागरी पाण्यावर सहा माणसांचा दिवस जात होता. मी मागायला कचरत होतो, तोच चतुराबाईनं आपल्या पिण्याचा तांब्या चुलीवर ठेवला. मी रेडिओचं बटण बंद करून पिन काढली. दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक पत्रा धुतला, मग स्पिरिटनं पुसला आणि चुलीच्या धगीशी धरून वाळवला. सहा वीसला जोडणी केली. काटा फिरवला. खरखर, मग बाजारभाव स्वच्छ ऐकू आले. बाजारभाव ऐकून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

अंगण बायांनी भरलं. निवेदकानं नाव घेतलं, "भिवराबाई आणि साथीदार," आणि आवाज आला:

"फोडिते मी खडी, हातोडीच्या तालावर,
लेक जाईल शाळेला, माझ्या या वाटेवर."

भिवराबाई दचकली. "ही मी हाय?" तिनं सासूला विचारलं.

"तूच की. रोज अशीच वरडती," सासू म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

रेडिओत साथीदारणींनी ओळ झेलली. अंगणातल्या त्याच बाया मात्र गप्प होत्या. त्यांनी भिवराबाईला पुढं ढकललं, "सांग की तूबी."

"न्हाई," ती म्हणाली. "रोज मी सांगती, तुमी झेलता. माझं गाणं कानाला कसं लागतंय ते मला कदी कळलंच न्हाई. आज ती सांगंल, मी झेलीन."

आणि ती बायांच्या मधोमध जाऊन बसली. रेडिओतल्या भिवराबाईनं पुढची ओळ सांगितली, अंगणातल्या भिवराबाईनं ती सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्यानं झेलली.