बाराशे ग्रॅम

"मामा, सदरा काढा."

"काहून?" जीपमध्ये चढता चढता व्यंकटराव थबकले.

"लेकरू उघड्या छातीला लावायचंय. अंगाची ऊब अंगाला. दुसरा इलाज न्हाई."

करुणा आखाडा बाळापुरातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात चौदा वर्षं नर्स होती. साल दोन हजार तीन. सातव्या महिन्यातच जन्मलेली व्यंकटरावांची ही नात बाराशे ग्रॅमची भरली होती, आणि सकाळपासून वीज नसल्यानं ऊब द्यायचा दिवाही बंद होता. मागच्या महिन्यात असंच एक लेकरू तिनं कापसात गुंडाळून नांदेडला नेलं होतं. अर्धापूरच्या अलीकडेच ते गार पडून दगावलं. त्यानंतर औरंगाबादच्या प्रशिक्षणात तिनं हे नवं पाहिलं. स्वतः कधी केलं नव्हतं.

"एखादं बाईमाणूस बघा की."

"हाय कोण? माझा हात सुनेच्या पोटावरून निघाला तर रगत थांबायचं न्हाई."

व्यंकटरावांची बायको केव्हाच गेलेली, मुलगा पुण्याला कामावर. त्यांनी पाठ फिरवून सदरा काढला. सासऱ्याला उघडं बघून कमलनं तशा अवस्थेतही पदर तोंडावर ओढला. करुणानं मोकळ्या हातानं पोरीला त्यांच्या छातीवर टेकवलं, त्यांनी लुगड्याची पट्टी गुंडाळून गाठ मारली आणि जीप नांदेडकडे निघाली.

वारंगा मागे पडलं तोच ते ओरडले, "सिस्टर, हलून न्हाई राहिली!"

एका हातानं कमलचं पोट दाबून धरत करुणानं दुसऱ्या हातानं पोरीचा तळवा चाचपला. टिचकी मारली. काही नाही.

"ओठ कसे हायेत?"

"निळे पडलेत."

"पाठ चोळा. हळू!"

औत धरून राठ झालेली बोटं पाठीवरून फिरू लागली. करुणा टिचक्या मारतच राहिली. शेवटी पोरगी बारीकशी कण्हली.

"आता श्वास मोजा, मोठ्यानं."

नांदेड येईपर्यंत ते मोजत होते. अर्धापूर कधी गेलं, करुणाला कळलंच नाही.

दवाखान्यात कमलला आत नेऊन डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवला. पोरीचे पाय हातात घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरम आहेत. पण धोका टळलेला नाही. हिला उबेच्या काचपेटीत ठेवू, पण रोज काही तास बाहेर काढून असंच छातीशी धरावंही लागेल. आईला आठवडाभर उठता येणार नाही. आजी आहे का?"

"आजी न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "मी हाय. हात कुठं धुवायचे?"

करुणानं नळ दाखवला. ते कोपरापर्यंत साबण घासत राहिले. नखांतली काळी माती निघेना, तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.